भुशाचं रेडकू

दुधावरची साय बोटानं गोळा करून तोंडात टाकणारी माणसं मला अजूनही बघवत नाहीत. आमच्या घरात असा एक इसम आहे, तो म्हणजे माझा मुलगा. केस पिकायला लागले तरी रोज सकाळी पातेल्यापाशी उभा राहून तो हा उद्योग करतो आणि मी तोंड फिरवून बसते. सून म्हणते, आईंचं सोवळं फार. सोवळं-बिवळं काही नाही, मला किळस येते, एवढंच. चहाच्या कपात माशी पडली की लोक ती चिमटीत धरून फेकतात आणि उरलेला चहा शांतपणे पितात. मला तो कपसुद्धा पुन्हा नजरेसमोर नको असतो. लहानपणापासून मी अशीच. घरात मला 'नाकमुरडी' म्हणायचे आणि ते नाव मी इमानानं चालवलं.

नात इरा मात्र माझ्या अगदी उलट निघाली. चौथीत आहे. प्राण्यांच्या अजब गोष्टींचे व्हिडिओ ती मोबाइलवर बघते आणि त्यातली नेमकी घाणेरडी गोष्ट आम्ही जेवायला बसलो की बाहेर काढते. "आजी, माशीला चावता येत नाही. म्हणून ती आधी तुझ्या भाकरीवर ओकते, मग भाकरी पातळ झाली की शोषून घेते." दुसऱ्या दिवशी, "आजी, ससा स्वतःच्या लेंड्या खातो." तिसऱ्या दिवशी वरणाचा पहिला घास घेतला न घेतला तोच, "गिधाड आपल्याच पायांवर मुततं, पाय गार राहावेत म्हणून." तिचा बाप खो खो हसतो, सून 'ईऽऽ' करते आणि माझा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहतो. परवा तिनं विचारलं, "आजी, तुला एखादी माहितीये का, एकदम भारी?" मी नाही म्हणाले. माहीत आहे. एकदा शाळेत सगळ्यांसमोर सांगितलीही होती. पण ती ताटावर सांगायची नाही, आणि मागे गाणं लावून तर नाहीच नाही. म्हणून इथं लिहून ठेवते.

आम्ही तेव्हा मुदखेडला होतो. दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत सांधेवाले होते, गाड्यांसाठी रूळ बदलणारे. स्टेशनच्या क्वार्टर्सपासून थोडं अलीकडे आमचं घर, दोन खोल्या आणि मागं गोठा. दिवसभर इंजिनं डबे ढकलायची. डबा डब्यावर आदळला की आमच्या फळीवरची ताटं किणकिणायची, आणि इंजिनानं लांब शिट्टी मारली की गोठ्यातून आमची म्हैस तिला उत्तर दिल्यासारखी हंबरायची. म्हशीचं नाव गंगी. ती होती माझ्या आत्याची. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली आणि लवकरच पांढऱ्या कपाळानं परत आली. दादांना तिनंच वाढवलं. त्यामुळे घरात दादा कमावते असले तरी शब्द आत्याचा चालायचा. क्वार्टर्समध्ये आमच्या दुधाचा रतीब होता. रोज सकाळी आत्या किटल्या घेऊन निघायची आणि मी माप घेऊन तिच्यामागं. "पाऊस पडो का गाडी रुळावरून पडो, माझा रतीब चुकायचा न्हाई," हे ती कुणी न विचारताही सांगायची, आणि ते खरंही होतं.

लोकांना गोठा म्हटलं की दूधदुभतं आठवतं. मला आठवतो तो वास. भिजवलेल्या सरकी पेंडीचा आंबूस वास, मुताचा डोळ्यांना झोंबणारा वास, आणि या सगळ्यावर उतू गेलेल्या दुधाचा करपट वास. आत्या दुपारी गंगीच्या कानांतल्या, मांडीतल्या गोचिड्या उपटून काढायची आणि निखाऱ्यावर टाकायची. रक्त पिऊन टम्म झालेली गोचिडी निखाऱ्यावर फट्कन फुटायची. मग त्याच हातांवर पाणी घेऊन आत्या भाकरी थापायला बसायची. भाकरी मात्र तिच्यासारखी कुणाला जमली नाही, पातळ, टम्म फुगलेली, पापुद्रा अलगद सुटणारी. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, शेंगदाण्याची चटणी आणि ती भाकरी असं ताट समोर यायचं आणि मी ताटाकडे बघत निखाऱ्यांचा आवाज आठवत बसायची. "नाकमुरडे, खाती का उचलू?" असं आत्यानं दरडावलं की डोळे मिटून गिळायची.

आई औशाची. बोलायची कमी आणि आत्यासमोर तर आणखीच कमी. माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात ती बाळंतपणाला माहेरी गेली. माझी शाळा होती म्हणून मी मुदखेडलाच राहिले. ती गेल्यावर थोड्याच दिवसांत गंगी व्याली. सकाळी मी गोठ्यात गेले तर गंगीच्या पायांशी एक काळं, ओलं, चिकट काहीतरी थरथरत होतं आणि गंगी ते चाटून चाटून साफ करत होती. मी नाक मुरडून दारातच थांबले. आत्यानं वाकून त्याची शेपटी वर केली, बघितलं आणि म्हणाली, "हल्या हाय." हल्या म्हणजे नर. एवढं बोलून ती चिकाचं दूध काढायला बसली. त्या दिवशी खरवस झाला, गूळ-वेलदोडा घालून. क्वार्टर्समध्ये घरोघरी वाटी गेली आणि बायकांनी आत्याचं कौतुक केलं. त्या रेडकासाठी आलेलं पहिलं दूध वाफवून, वड्या पाडून गावभर वाटलं, ही गोष्ट कुणाच्या मनातही आली नसेल. मी तो खाल्ला नाही. पण ते काही दयेपोटी नव्हतं. त्याची ती बुळबुळीत थरथर डोळ्यांपुढून हलत नव्हती.

वगार झाली असती तर तिला पाजलं असतं, ती पुढं दुधाला आली असती. हल्याचा उपयोग एवढाच की त्याला दोन घोट लुचू द्यायचं, गंगीनं पान्हा सोडला की त्याचं तोंड ओढून खुंट्याला बांधायचं. खुंट्याला बांधलेला तो मान ताणून चरवीत पडणाऱ्या धारेकडे बघत राहायचा. पुढं पुढं तो भिंतीचा पोपडा चाटायला लागला, मग माती खायला लागला. त्याला जुलाब लागले. मागचे पाय कायम घाणीनं माखलेले, डोळ्यांच्या कोपऱ्यांत माशा बसलेल्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. एका सकाळी तो आडवाच सापडला. आत्यानं पायानं हलवून बघितलं. "हल्याच होता," ती म्हणाली, "जाऊ दे."

त्यानंतर चारेक दिवसांनी आई परत आली. दादा तिला आणायला गेले होते. औशाहून लातूर, लातूरहून नांदेड, आणि नांदेडहून गाडीनं मुदखेड. मी दारात उभी होते. बाळाला घेऊन आलेल्या बाळंतिणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, तो मी सकाळपासून ताटलीत मांडून ठेवला होता, कारण मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आईच्या हातात एक पिशवी होती. फक्त पिशवी. आत्यानं माझ्या हातातली ताटली काढून घेतली.

स्वयंपाकघरात बोलणं झालं ते मी ओट्यामागून ऐकलं. मुलगी झाली होती. काही दिवस नीट होती, मग अंग तापलं आणि गेली. बारशापर्यंत राहिली नाही, त्यामुळे नावही नव्हतं. आई हे सांगताना मध्येच थांबली. आणि आत्या म्हणाली, "पोरगीच होती. जाऊ दे." तेच शब्द, तोच आवाज. गोठ्यात नर नको, घरात मादी नको. माझ्या अंगावर काटा आला, तो किळसेचा होता, आणि पहिल्यांदाच तो एखाद्या माणसाचा आला होता.

मग आत्यानं पुढचं सांगितलं. "बाहेर कुणी इचारलं तर पोट पडलं म्हणायचं. लेकरू जितं जन्मलं हे बोलायचं न्हाई. सुतक हाय म्हणलं तर क्वार्टरात आपलं दूध कोण घेईल?" त्याचं असं होतं की सुतक असलेल्या घरचं दूध क्वार्टर्समधल्या बायका घेत नसत, आणि रतीब एकदा दुसऱ्याकडे गेला की परत येत नाही. दिवस भरायच्या आत पोट पडलं तर मात्र सुतक नाही, कुणाला काही पाळायचं नाही. आई सातव्यातच माहेरी गेलेली, तेव्हा कुणाला संशय यायचंही कारण नव्हतं. दादा खाली बघत अंगठ्यानं जमीन उकरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठून भांडी घासायला बसली, आणि आमच्या घरात कुणी मेलंच नव्हतं असं सगळं सुरू झालं.

अडचण गंगीनं केली. रेडकू गेल्यावर ती पान्हा चोरायला लागली. कास दगडासारखी तट्ट, पण आत्या बसली की लाथ झाडायची. दूध आटतं की काय या भीतीनं आत्याची झोप उडाली. मग तिनं ते केलं, जे आमच्याकडे तेव्हा बऱ्याच घरी करत. मेलेलं जनावर ओढून नेणाऱ्या माणसाकडून तिनं रेडकाचं कातडं आधीच मागून ठेवलं होतं. ते मीठ लावून गोठ्याच्या छपरावर वाळत टाकलेलं होतं आणि मी इतके दिवस ते पोतं समजत होते. आत्यानं त्यात गव्हाचा भुसा ठासून भरला, सुतळीनं पोट शिवलं, तुराट्यांचे चार पाय लावले. डोळ्यांच्या जागी नुसती शिवण. जिवंतपणी त्याचं पोट कधी भरलं नव्हतं. आता ते चांगलं गरगरीत झालं होतं. आत्या त्याला 'बाहुलं' म्हणायची. रोज त्यावर मिठाचं पाणी शिंपडून ते गंगीच्या तोंडासमोर धरायचं. पहिल्या दिवशी गंगीनं लांबूनच नाक फेंदारलं, फुरफुरली, मागं सरली. मग जवळ आली. हुंगलं. घशातल्या घशात एक बारीक आवाज काढला आणि चाटायला लागली. आणि खाली, कुणाचा हात लागायच्या आत, तिच्या सडांतून दूध टपकायला लागलं.

मी जे जे म्हणून घाणेरडं बघितलं आहे त्यात हे पहिलं. उन्हाचे दिवस होते. कातड्याला वास मारायला लागला. गंगीच्या खरखरीत जिभेनं त्याचे केस गेले, पाठीवर टक्कल पडलं, शिवणीतून भुसा बाहेर डोकवायला लागला, आणि त्या लाळेवर, मिठावर माशांचं मोहोळ. ते धरून बसायचं काम आत्यानं आईला दिलं. "बसल्या जागचं काम हाय. तुला आत्ता जड उचलाय न्हाई झेपायचं," असं म्हणाली, आणि मला वाटतं तिला त्यात खरोखरच दया दाखवल्यासारखं वाटलं असेल. आई मांडी घालून बसायची, मांडीवर ते बाहुलं. गंगी चाटायची, आत्या धार काढायची. चरवीत धारेचा आवाज सुरू झाला की आई पदर छातीवर ओढून घ्यायची. मग घाईनं न्हाणीत जायची. एकदा मी फटीतून बघितलं. तिनं छातीला फडकं आवळून बांधलं होतं, ते सोडून ती दगडावर दूध पिळून टाकत होती आणि वरून तांब्यानं पाणी ओतत होती. तोंडात पदराचा बोळा कोंबलेला. मी तेव्हापासून दूध पिणं सोडलं. आत्यानं नाक दाबून पाजलं तर मी ते ओकून टाकलं.

त्याच दिवसांत आमच्या शाळेत एक नव्या बाई आल्या होत्या. लातूरच्या होत्या, तरुण, हसऱ्या. त्यांनी एक नवीन चाल पाडली. प्रार्थना झाली की रोज एका मुलानं पुढं येऊन प्राण्यांबद्दल एक नवल सांगायचं, आणि बाई ते रंगीत खडूनं फळ्यावर लिहायच्या. मुलं या नवलापायी येडी झाली. कुणी सांगितलं, गोगलगायीच्या जिभेवर हजारो दात असतात. कुणी सांगितलं, शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. बेडूक घास गिळताना डोळे आत ओढून घेतो हेही तिथंच कळलं, आणि त्या दिवशी माझा डबा तसाच परत आला. हमीद नावाचा माझ्या वर्गातला मुलगा होता, त्याच्या घरी कबुतरं होती. तो म्हणाला, "कबुतराच्या गळ्यात दूध येतंय. मादीच्याच न्हाई, नराच्याबी. दोघं मिळून पिल्लाला पाजतेत." सगळा वर्ग हसला, पण बाईंनी ते खरं आहे म्हणून सांगितलं आणि हमीद आठवडाभर छाती काढून फिरला.

माझी पाळी आली तेव्हा मी बाहुल्याचं सांगितलं. का सांगितलं? पुस्तकातलं नवल मला मिळालं नाही म्हणून नाही. रोज सकाळी मी जे बघत होते ते कुणीतरी घाण आहे म्हणावं, वर्गानं एका आवाजात 'छी' करावं, असं मला वाटत होतं. मी कातड्याचं सांगितलं, मिठाचं सांगितलं, माशांचं सांगितलं. आईचं नाव घेतलं नाही. मुलांनी तोंडं वाकडी केली तेव्हा मला बरं वाटलं. पण बाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "बघा मुलांनो! आईची माया कशी आंधळी असते!" आणि गुलाबी खडूनं त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'म्हैस भुशाच्या रेडकालाही माया लावते.' खाली एक फूल काढलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

हमीदनं मात्र हात वर केला. "बाई, पन तिला वास येत न्हाई का? जनावराला तर समदं वासानंच कळतंय. मेलेलं कातडं हाय ते." बाई म्हणाल्या, "मायेपुढं वास कळत नाही रे." मला त्या फळ्याकडे, त्या गुलाबी फुलाकडे बघून इतकं मळमळलं की मी धावत बाहेर गेले आणि हौदापाशी ओकले. आजही मोबाइलवर कुणी प्राण्याच्या मायेचा व्हिडिओ पाठवला, खाली फुलं आणि बदाम टाकलेला, की मी तो न बघता पुसून टाकते.

घरी आले तेव्हा आई मागच्या दारी अंबाडी निवडत बसली होती. आत्या दादांच्या डब्याची तयारी करत आत होती. मी हमीदचाच प्रश्न आईला विचारला.

"आई, गंगीला कळत न्हाई का गं, ते खोटं हाय म्हणून?"

आई पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "कळतंय की. पहिल्या दिशीच कळलंय तिला."

"मग चाटती कशाला?"

"भरून आलेलं कुठंतरी उतरावं लागतंय, सुमे. लई ठणकतंय ते. मग म्होरं काय ठिवलंय ते कुणी बघत न्हाई." तिनं पुढची काडी उचलली. "आन् तिला कुठं माया लावायला सोडलंय कुणी? जितं होतं तवा दोन घोटाला सोडायचे."

आत भांड्याचा आवाज थांबला होता. आत्यानं ऐकलं असावं असं मला वाटलं, पण ती बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या चरवी घेऊन गंगीच्या बाजूला बसली आणि नेहमीसारखं म्हणाली, "कमल, आण गं बाहुलं." आईनं ते कोपऱ्यातून उचललं, काखेत धरलं आणि गंगीच्या समोरून सरळ पुढं चालत गेली. गोठ्याच्या मागं उकिरडा होता. तिनं ते त्यावर फेकून दिलं. दोन कुत्री कुठूनशी आली आणि शिवण ओढायला लागली. भुसा वाऱ्यावर उडायला लागला.

"अगं ए! येड लागलं का तुला? आता पान्हा कशाच्या जिवावर सुटायचा?" आत्या उठून उभी राहिली.

आई तिच्या जागी जाऊन बसली. कोमट पाण्यानं गंगीची कास धुतली, चोळत राहिली. कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं आणि तशीच बसून राहिली. गंगीनं एकदा पाय झाडला. मान वळवून उकिरड्याकडे बघितलं, मग आईकडे. शेपटी हलवली. बराच वेळ काहीच झालं नाही. आत्या काहीतरी पुटपुटत होती. मग गंगीनं तो घशातला बारीक आवाज काढला आणि पान्हा सोडला.

आत्यानं घाईनं चरवी पुढं सरकवली. आईनं ती हातानं बाजूला लोटली आणि धार जमिनीवर सोडली.

शेणात, मुतात ते दूध पडत होतं. पांढरा फेस, मग पिवळट चिखल, त्याचा ओघळ माझ्या पायांपर्यंत आला आणि माशा त्यावर बसायला लागल्या. एरवी मी किंचाळून पळाले असते. त्या दिवशी हलले नाही. आत्या ओरडत होती, "लक्ष्मी मातीत घालून राहिली! अगं रतीब हाय, लोकं वाट बघून राहिलेत!" पण तिनं पुढं होऊन आईचा हात धरला नाही. आईनं चारी सड रिकामे होईपर्यंत हात थांबवला नाही.

"हे त्याचं होतं," ती म्हणाली. "त्याला भेटलं न्हाई. आता कुणालाच नको."

मग ती उठून आत्याकडे वळली. पदर खाली पडला होता आणि तिनं तो सावरला नाही. फडकं बांधलेलं नव्हतं. पोलकं कमरेपर्यंत भिजलं होतं.

"आन् हे तिचं, वन्सं. पोरगीच होती म्हणलात. होती तर होती की! जिती होती ती. माझं बोट धरून निजायची. सोडवायला गेलं की रडायची." आईचा आवाज चिरकला. मी तिला कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि मला भलताच आनंद झाला. "घरात कुणी मेलंच न्हाई म्हणून मी भांडी घासली. बाहुलं धरलं. आता न्हाई धरणार. माझ्या लेकराचं सुतक पाळू द्या मला. तेवढं द्या."

आत्या बघत राहिली. आधी आईच्या तोंडाकडे, मग त्या भिजलेल्या पोलक्याकडे. तिला मूल झालं नव्हतं. हे तिनं कधी जवळून बघितलं नसेल. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे. पण ती पुढं झाली, आईचा पदर उचलला, तिच्या खांद्यावर टाकला आणि रिकाम्या किटल्या घेतल्या.

"सुमे, चल," म्हणाली.

मी माप घेऊन तिच्यामागं निघाले. मला खात्री होती की ती वाटेत कुणाच्या तरी गोठ्यावर थांबेल, उसनं दूध घेईल आणि रतीब घालेल. पाणी घालून पुरवठ्याला आणेल. नाहीतर म्हैस आटली म्हणून सांगेल. आत्याची मला मनापासून चीड आली होती आणि तिच्या पाठीकडे बघत चालताना मी मनात तिला शिव्या देत होते. ती कुठं थांबली नाही. रिकाम्या किटल्या एकमेकींवर वाजत होत्या. पहिलं घर स्टेशनमास्तरांचं. त्यांच्या बाई पातेलं घेऊन दारातच उभ्या होत्या.

"आज उशीर झाला, मावशी?"

"आज दूध न्हाई, बाई," आत्या म्हणाली. "सुतक फिटंस्तवर न्हाई."

"अगंबाई! कोण गेलं?"

"लेकरू गेलं आमच्या घरातलं. कमलची पोरगी."

बाई गोंधळल्या. पातेलं त्यांनी नकळत पदराआड घेतलं. "पोरगी? पण तुम्ही तर पोट पडलं म्हणाला होता ना?"

"न्हाई. जिती होती."

"आई गं... मग कधी गेली?"

आत्यानं किटल्या खाली ठेवल्या. कोपरानं कपाळ पुसलं.

"आज," ती म्हणाली. "आजच गेली."

मग तिनं किटल्या उचलल्या, पुढच्या दारी गेली आणि तिथंही तेच सांगितलं.